काटा थांबेपर्यंत

"बारा दिवस घालवलेत तुम्ही, काका. पंधरातले बारा!"

उत्कर्षानं टेबलावरचं कॅलेंडर बाबासोंच्या दिशेनं फिरवलं, जणू गेलेल्या बारा दिवसांतला एखादा अजून शिल्लक असेल तर त्यांनी स्वतःच शोधून घ्यावा. बाबासोंनी कॅलेंडरकडं पाहिलंही नाही. उजव्या हाताची मूठ वळून ते बसले होते आणि अंगठा मुठीच्या आत दडवला होता. गेल्या बारा दिवसांत लागलेली सवय.

"आमाला काय ठावं, पंधरा दिसांत तक्रार करायची असती म्हणून?" शेजारच्या खुर्चीतून त्यांच्या पत्नी राजाबाई म्हणाल्या. "बदनामी करताना खाली पट्टीत लिव्हलं न्हवतं त्यांनी."

उत्कर्षाला हसू आलं, पण तिनं ते फाइलमध्ये घातलं. सीवूड्स स्टेशनजवळ, झेरॉक्सच्या दुकानावरच्या माळ्यावर तिचं ऑफिस होतं. मध्ये प्लायवूडची भिंत, पलीकडं एक विमा एजंट. इकडची बदनामी तिकडं ऐकू जायची आणि तिकडचं मरण इकडं. कामोठ्याला ती बाबासोंच्याच बिल्डिंगमध्ये लहानाची मोठी झाली. सातवीत असताना शाळेच्या प्रदर्शनासाठी तिला तराजू करायचा होता, तेव्हा बाबासोंनी सुटीच्या दिवशी बसून वेताच्या काठीचा असा तराजू करून दिला होता की एका पारड्यात मोरपीस ठेवलं तरी ते झुकायचं. आता ती वकील होती आणि फी घेणार नाही म्हणत होती. राजाबाईंना त्याचीच जास्त धास्ती वाटत होती. फुकटचा डॉक्टर आणि फुकटचा वकील, दोघंही सावकाश येतात.

"केस व्हती का गं पण चॅनलवर?" बाबासोंनी विचारलं.

"होते ना. चॅनल म्हणजे काय देव आहे? खोटं दाखवलं तर जबाबदारी त्यांचीच. आधी चॅनलकडं लेखी तक्रार करायची. त्यांनी पंधरा दिवसांत उत्तर द्यायचं. नाही पटलं तर चॅनलवाल्यांचीच एक संस्था असते, तिच्याकडं जायचं. आणि हे सगळं सोडून कोर्ट आहेच. बदनामीचा दावा."

"म्हंजे ज्यानं केलं त्याच्याकडंच आधी अर्ज द्यायचा?" राजाबाईंनी विचारलं. "का तर बाबा, तू मला मारलंस, तूच सांग किती लागलं?"

"तशीच पद्धत आहे, काकी."

पलीकडच्या विमा एजंटानं खोकल्याचं निमित्त करून हसून घेतलं.

झालं होतं ते एवढंच. बाबासो वाशीच्या मार्केटात मापाडी. शेतकऱ्याचा कांदा गाळ्यावर उतरला की तो काट्यावर चढवून वजन मोठ्यानं पुकारणारा माणूस. शेतकरी विकणार, व्यापारी घेणार, आणि मापाडी दोघांपैकी कुणाचाच नाही. एकोणतीस वर्षं बाबासो कुणाचेच नव्हते आणि त्यामुळंच दोघांचेही होते. काट्याचे नियम दोनच. पहिला, रिकामी गोणी आधी ठेवायची, अंगठ्यानं बटण दाबून आकडा शून्यावर आणायचा आणि मगच भरलेली गोणी चढवायची, म्हणजे तागाचं वजन आपोआप वजा होतं. घेणाऱ्यानं कांद्याचे पैसे द्यावेत, गोणपाटाचे का म्हणून? दुसरा, माल चढला की हात मागं घ्यायचा आणि काटा थांबेपर्यंत तोंड उघडायचं नाही.

त्या सकाळी आकाश नावाचा एक बातमीदार गाळ्यांतून मोबाइल धरून फिरत होता. तरतरीत, घामाघूम, सकाळपासून उपाशी. बाबासोंनी त्याला चहा पाजला. भाव पडल्याची बातमी करत असेल, असं त्यांना वाटलं. तो काट्याजवळ येऊन चित्रण करायला लागला तेव्हा त्यांनी हात जरा बाजूला घेतला, बिचाऱ्याला अंधारात नीट दिसायचं नाही म्हणून.

नीट दिसलं. संध्याकाळी त्याच्या लाल पट्टीच्या चॅनलवर बाबासोंच्या अंगठ्याभोवती लाल गोल फिरत होता. 'अंगठ्याची जादू, बळीराजाची लूट!' बातम्या देणारी बाई किंचाळत होती, "पाहा, आधी रिकामी गोणी, मग गुपचूप बटण, आणि प्रत्येक गोणीमागं पाऊण किलो कांदा गायब!" त्या पाऊण किलोच्या गोणपाटाबद्दल कुणी काही विचारलं नव्हतं. मार्केटातल्या कुठल्याही हमालानं अर्ध्या मिनिटात सांगितलं असतं. पण अर्धा मिनिट थांबलं असतं तर बातमीच राहिली नसती. अंगठ्यानंतर चेहरा आला. चांगला पडदाभर. रात्रीपर्यंत राजाबाईंनी तो सोळा वेळा मोजला.

दुसऱ्या दिवशी गाळ्याचे सेठ म्हणाले, "बाबासो, तुमच्यावर माझा पूर्ण विश्वास आहे. पण थोडे दिवस काट्यावर नको." विश्वास आणि पण एका वाक्यात आले की त्यातला पण तेवढा खरा असतो. आता बाबासो गेटजवळच्या खुर्चीवर बसून गाड्यांचे नंबर लिहीत होते.

"काका, तक्रारीत मागायचं काय?" उत्कर्षानं पेन उघडलं. "नुकसानभरपाई? माफी? व्हिडिओ काढून टाकणं?"

बाबासो खुर्चीत पुढं सरकले. मग म्हणाले, "आमच्या गावात एक रीत व्हती. कावळा शिवला ना डोक्याला, की अपशकुन. मग तो टाळायला पावण्यारावळ्यांत खोटीच बातमी धाडायची, की ह्यो माणूस गेला. लोकांनी रडून घेतलं की मरण टळतं म्हणायचे."

"हो, आजी सांगायची माझी."

"आमच्या बापाला शिवला व्हता. चुलता चार गावांत सांगून आला. आत्या अनवाणी पळत आली, ऊर बडवत. पण खरी रीत फुडं हाय. दुसऱ्या दिवशी चुलता त्या चारी गावांत परत गेला. त्याच वाटंनं, त्याच उंबऱ्यावर. आत न्हाई जायचं. उंबऱ्यात हुबं ऱ्हाऊन मोठ्यानं म्हणायचं, मी खोटं बोललो, माझा भाऊ जित्ता हाय. आळीला ऐकू गेलं पायजे. मग त्या घरचं पाणी प्यायचं आन् फुडच्या घरी जायचं. ज्या तोंडानं सांगितलं त्याच तोंडानं माघारी घ्यायचं. दुसऱ्याला धाडून भागत न्हवतं."

उत्कर्षाचं पेन हवेतच होतं.

"त्या पोरानं माझ्या गावात यावं," बाबासो म्हणाले. "माझ्या गाळ्यावर यावं. उंबऱ्यात हुबं ऱ्हावं आन् म्हणावं. पैसं नकोत मला."

"कायद्यात उंबरा नाही हो, काका," ती हळूच म्हणाली.

"मग काय हाय?"

"ईमेल आहे."

तक्रार गेली. पंधरा दिवस उत्तराची वाट बघण्यात जाणार होते, आणि वाट बघत असतानाही माणसाला भाजी आणावी लागते. कामोठ्याच्या नाक्यावरच्या सखूकडून बाबासो बावीस वर्षं भाजी घेत होते. सखू तिथलीच, जुन्या गावठाणातली, जिभेला हाड नसलेली. त्या दिवशी तिनं पारड्यात वांगी टाकली आणि हसत म्हणाली, "काका, बटन दाबू का ऱ्हावंदे?"

चार गिऱ्हाइकं हसली. बाबासोंचा अंगठा मुठीत गेला. सखूच्या ते लक्षात आलं आणि तिचा चेहरा पडला. तिनं घाईघाईनं दोन वांगी जास्तीची टाकली.

"काढ ती," बाबासो म्हणाले.

"ऱ्हावंदे ना, काका. मस्करी केली मी."

"मापात न्हाईत ती. काढ."

घरी येऊन त्यांनी पिशवी ओट्यावर ठेवली आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले. राजाबाईंनी वांगी पाहिली, नवऱ्याची पाठ पाहिली, आणि काही न विचारता कढई चढवली. छत्तीस वर्षांच्या संसारात पाठीवरून बातमी वाचायला त्या शिकल्या होत्या. त्यात खोटं काही नसायचं.

खरा घाव गावाकडून आला. साताऱ्याकडचं करंजवाडी हे त्यांचं गाव. चैत्रात करंजाईची जत्रा असते आणि त्या दिवशी नवसाच्या पोरांची गुळानं तुळा होते. पोर एका पारड्यात, गूळ दुसऱ्या पारड्यात, आणि तो गूळ गावभर वाटायचा. ही तागडी बाबासोंचे आजोबा धरायचे, मग वडील, आणि मार्केटला लागल्यापासून बाबासो. नोकरी कुठंही असो, जत्रेच्या पंधरा दिवस आधी गावाकडून फोन यायचा, "तात्या, कधी निघताय?" आणि बाबासो आपल्या हातानं चिंच लावून पितळेची पारडी घासायला चार दिवस आधीच जाऊन बसायचे. मुंबईत लोकांचा कांदा तोलायचा, गावात देवीचं देणं. दुसरं काही मिरवण्यासारखं त्यांच्याकडं नव्हतं आणि त्यांना ते लागलंही नव्हतं.

यंदा फोन आला तो जत्रेला सहा दिवस राहिले तेव्हा. चुलत पुतण्या दत्तू, गावात खताचं दुकान, जत्रा कमिटीत मानाचा माणूस.

"तात्या, तब्येत काय म्हणतीय?"

"बरी हाय. पारडी काढली का रं माळ्यावरनं?"

पलीकडं क्षणभर नुसता पंखा ऐकू आला.

"त्याचं काय हाय तात्या, औंदा कमिटीनं ठरवलंय, डिजिटल काटा वापरायचा. माझ्या दुकानातलाच. पोरं म्हणली, तात्यांना कशाला तरास. वय झालं. तुमी आपलं निवांत या, जेवा, दर्शन घ्या."

"कुनी काय म्हणालं का?"

"छ्या! कोन म्हणतंय? आमी वळखत न्हाई व्हय तुमाला? टीव्हीवाल्यांचं काय खरं असतंय व्हय? पण लोक कशे असत्यात, तुमाला ठावं हाय."

बाबासोंनी फोन खाली ठेवला. राजाबाई लसूण सोलत होत्या.

"काय म्हणतोय?"

"त्याचा माझ्यावर पूर्ण विश्वास हाय," बाबासो म्हणाले.

राजाबाईंच्या हातातली पाकळी तशीच राहिली.

चॅनलचं उत्तर चौदाव्या दिवशी आलं. उत्कर्षानं घरी येऊन वाचून दाखवलं. 'सदर वृत्तातील दृश्ये प्रातिनिधिक स्वरूपाची होती. कोणत्याही व्यक्तीविशेषाची बदनामी करण्याचा हेतू नव्हता. तरीही कोणाच्या भावना दुखावल्या असल्यास आम्ही उद्या दुपारच्या बातमीपत्रात खुलासा प्रसारित करू.'

"प्रातिनिधिक म्हंजे?" बाबासोंनी विचारलं.

"म्हणजे तुम्ही तुम्ही नव्हतात. मापाडी कसा असतो, ते दाखवायला तुमचा चेहरा घेतला."

"सोळा येळा?" राजाबाई म्हणाल्या.

"त्यांना अजून एक हवंय. खुलासा दाखवल्यावर आमची काही तक्रार उरली नाही, असं तुम्ही लिहून द्यायचं."

"आधी बघू तर दे काय बोलत्यात," बाबासो म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सुटी टाकली. तशीही गेटवरच्या खुर्चीला त्यांची फारशी गरज नव्हती. पावणेदोनपासून दोघं टीव्हीसमोर बसली. एका नटीचं लग्न झालं, एका पुढाऱ्यानं पक्ष बदलला, मुंग्या मारायच्या औषधाची जाहिरात पाच वेळा लागली. तीनला कुकरची चौथी शिट्टी झाली आणि राजाबाई गॅस बंद करायला उठल्या. परत आल्या तर बाबासो रिमोट हातात धरून पडद्याकडं बघत होते आणि पडद्यावर पुन्हा मुंग्या होत्या.

"अवो, झालं का?"

"झालं."

"काय म्हणली ती बाई?"

"बाई न्हाई बोलली. खालनं पट्टी गेली. खुलासा म्हणून. चष्मा नीट करस्तवर संपली."

"नाव घेतलं तुमचं?"

बाबासोंनी मान हलवली. चेहरा पडदाभर आणि खुलासा बोटभर. माप चुकलं होतं, आणि ते त्यांच्याइतकं दुसऱ्या कुणाला कळणार होतं?

संध्याकाळी उत्कर्षा आली. लिहून देणार नाही, असं बाबासोंनी सांगितलं तेव्हा ती खूश झाली नाही. वकील असली तरी पोर सरळ होती.

"मग दावा करू. पण खरं सांगते, काका. ते म्हणतील लोकहितासाठी दाखवलं, चांगल्या हेतूनं दाखवलं. आपण म्हणू, साधी चौकशी केली नाही, समोर बसलेल्या माणसाला एक प्रश्न विचारला नाही. आपली बाजू भक्कम आहे. पण तारखा पडतील. त्यांचे वकील मोठे. चार वर्षं, सहा वर्षं, कदाचित जास्तच. जिंकलो तरी तोवर गावातल्या लोकांना बातमीही आठवणार नाही आणि खुलासाही."

"अंगठा आठवंल," बाबासो म्हणाले.

तिनं पिशवीतून वकीलपत्र काढलं.

"कुठं सही करायची ते दाव. मला घाई न्हाई. काटा थांबायची वाट बघण्यातच माझी एकोणतीस वर्षं गेलीत."

त्यांनी वकीलपत्रावर सही केली. सावकाश, प्रत्येक अक्षर पूर्ण. उत्कर्षानं कागद उचलला आणि जाता जाता दारात थांबली. तो बातमीदार, आकाश, त्याला तिनं फोन केला होता. तो म्हणाला की त्यानं नुसतं चित्रण पाठवलं होतं, मथळा ऑफिसनं दिला. ऑफिस म्हणालं, माहिती बातमीदाराची. "दोघंही एकमेकांच्या उंबऱ्याकडं बोट दाखवतायत, काका," ती म्हणाली आणि चप्पल घालायला वाकली.

जत्रेला जाऊ नये असं राजाबाईंचं मत होतं. बाबासो गेले. त्यामुळं त्याही गेल्या.

देवळासमोरच्या पटांगणात खताच्या दुकानातला काटा मांडला होता. चकचकीत, हिरवे आकडे दाखवणारा. त्याच्यामागं दत्तू, कपाळाला भंडारा, हातात माइक. जुनी पितळेची पारडी देवळाच्या ओवरीत एकात एक घालून ठेवलेली बाबासोंना दिसली. घासलेली नव्हती. ते गर्दीत मागंच उभे राहिले. लोकांनी रामराम केला, तब्येत विचारली, पोरीसोरी पाया पडल्या. कुणी काही म्हणालं नाही. एवढं कुणीच काही न म्हणणं त्यांनी आयुष्यात ऐकलं नव्हतं.

पहिली तुळा गावातल्या सईच्या पोराची. लग्नानंतर अकरा वर्षांनी झालेलं पोर. काट्यावर बसायला तयार नव्हतं, म्हणून दत्तूनं वेताची टोपली आणवली, तिच्यात गोधडी घातली, आणि पोराला टोपलीसकट काट्यावर ठेवलं. हिरवे आकडे नाचले आणि थांबले.

"दहा किलो साडेचारशे!" दत्तू माइकवर ओरडला. "गूळ काढा!"

सईच्या नवऱ्यानं गुळाच्या ढेपेला हात घातला.

"दत्तू," मागून आवाज आला. "टोपली धरलीस तू त्यात."

गर्दी वळली. बाबासो स्वतःच दचकले होते. आवाज त्यांच्या नकळत निघाला होता, एकोणतीस वर्षांच्या सवयीनं.

दत्तू ओशाळं हसला. "असूंदे वो तात्या. किलोभर गूळ जास्त गेला तर देवीलाच जाईल. देवी काय न्हाई म्हणतीय?"

"नवस पोराचा हाय," बाबासो म्हणाले. "टोपलीचा न्हाय."

सई पोराकडं बघत होती. मग तिनं पुढं होऊन पोराला टोपलीतून उचललं, कडेवर घेतलं, आणि बाबासोंकडं वळून म्हणाली, "तात्या, मग तुमीच करा की."

गर्दीनं वाट दिली. बाबासो काट्यापाशी आले. टोपली रिकामी होती. आधी रिकामी ठेवायची, मग बटण. दुसरा मार्गच नव्हता. तीच रिकामी वस्तू, तेच बटण, तोच अंगठा. मागं दोनतीन मोबाइल वर झालेले त्यांना डोळ्यांच्या कोपऱ्यातून दिसले. मूठ उघडेना. राजाबाई बायकांच्या घोळक्यात उभ्या होत्या. त्यांनी पदर तोंडाशी धरला होता.

मग अंगठा बाहेर आला. त्यांनी टोपली काट्यावर मधोमध ठेवली, गोधडीची लोंबणारी कड आत खोचली, आणि सगळ्या गावादेखत बटण दाबलं. आकडे पुसले गेले. शून्य.

"ठेव बाळाला," ते सईला म्हणाले.

सईनं पोराला टोपलीत बसवलं आणि ती मागं झाली. बाबासोही दोन पावलं मागं सरकले. आणि मग, कुणीही सांगितलं नसताना, त्यांनी दोन्ही हात वर केले. खांद्याच्या वर, तळवे लोकांकडं, बोटं फाकलेली, अंगठे वेगळे दिसतील असे.

पोर टोपलीत पाय झाडत होतं. आकडे दहावर जात होते, आठवर येत होते. कुणी हसलं नाही. आईकडं बघत पोर एकदाचं थांबलं आणि आकडाही थांबला.

"नऊ किलो दोनशे," बाबासोंनी पुकारलं. माइकची गरज नव्हती. मार्केटात चार गाळ्यांपलीकडं जाणारा आवाज होता तो.

"करंजाईच्या नावानं..." कुणीतरी ओरडलं.

"चांगभलं!" सगळ्यांचे हात वर गेले, भंडारा उधळला, आणि त्या पिवळ्या धुरळ्यात बाबासोंचे हात वेगळे दिसेनासे झाले.

मग एकेक करून हात खाली आले. दत्तूचे आले, सईच्या नवऱ्याचे आले, मोबाइलवाल्यांचे आले. धुरळा बसला. पोर आईच्या कडेवर गेलं, टोपली रिकामी झाली, लोक गुळाभोवती जमले. बाबासो काट्याजवळ तसेच उभे होते, दोन्ही हात वर धरून.